ट्रायकोग्रामा : जातींची ओळख

ट्रायकोग्रामा ही अंड्यांवर जगणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्यांची प्रजाती. वेस्टवुड यांनी १८३३ मध्ये तिचे वर्णन केले. लांबी एक मिलिमीटरहून कमी, पायांच्या टोकाला तीनच खंड. मादी मुख्यतः पतंगांच्या अंड्यांत आपली अंडी घालते, आतली अळी गर खाते आणि यजमान अंडे काळे पडते. २०० हून अधिक जाती ज्ञात आहेत आणि बहुतेक एकमेकींसारख्याच दिसतात.

रंग व आकारमानावर विसंबणे घातक ठरते. थंडीत वाढलेले कीटक गडद होतात, लहान अंड्यातून लहान कीटक निघतो. ट्रायकोग्रामा सेम्ब्लिडिसचे उदाहरण तर विलक्षण आहे : पतंगाच्या अंड्यातून तिचा पंखवाला नर निघतो, पाण्याकाठच्या सियालिस कीटकाच्या अंड्यातून मात्र बिनपंखी. असे दोन नर समोर ठेवले तर कोणीही त्यांना दोन जाती म्हणेल.

ओळखीचा भरवशाचा मार्ग बंगळूरमध्ये सापडला. सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी १९६८ पासून संकराचे प्रयोग केले आणि १९७१ च्या निबंधात नराच्या जननेंद्रियाच्या रचनेचे महत्त्व दाखवून दिले. त्यापूर्वी मिन्युटम, इव्हानेसेन्स अशा मोजक्या नावांखाली अनेक जाती एकत्र नोंदल्या जात. भारतात ऑस्ट्रेलिकम म्हणून वापरलेली जातीही पुढे कन्फ्युझम व अखेर चिलोनिस ठरली. त्यामुळे जुने प्रयोग वाचताना नावाची खातरजमा करावीच लागते. या क्षेत्रातले भारतीय संशोधकांचे हे काम पायाभूत आहे.

तरीही रचना काही ठिकाणी अपुरी पडते. नागरकट्टींनीच १९७५ मध्ये वर्णिलेली, अमेरिकेच्या पश्चिम भागातली प्लॅटनेरी ही मिन्युटमपासून दिसण्यावरून वेगळी काढता येत नाही. संकर करून पाहावा लागतो. या कीटकांत निषेचनाशिवाय नर जन्मतात, म्हणून संकर फसला तरी संतती होते, पण सगळी नर. उलट वोल्बाकिया जिवाणूने बाधित वंशांत कुमारी मादीला मुलीच होतात आणि तपासायला नरच मिळत नाही. स्टाउथामर व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रतिजैविके देऊन अशा वंशांत पुन्हा नर मिळवले. आता आयटीएस-२ हा डीएनएचा तुकडा वाचून मादीवरूनही बऱ्याच जाती ठरवता येतात. मिन्युटम-प्लॅटनेरी जोडीत मात्र त्यातही फरक जवळजवळ नाही.

महाराष्ट्रात उसाच्या खोडकिडीसाठी चिलोनिसची, भाताच्या खोडकिड्यासाठी जापोनिकमची ट्रायकोकार्डे वापरतात. तांदळावरील पतंगाची अंडी चिकटवलेली ही कार्डे बाहेरून सारखीच दिसतात. प्रयोगशाळेत एका जातीच्या संवर्धनात दुसरी शिरली तर डोळ्यांना कळत नाही, म्हणून अधूनमधून काही नर काढून काचपट्टीवर बसवून तपासणे आणि त्या पट्ट्या तारखेसह जपून ठेवणे गरजेचे आहे. उद्या वर्गीकरण बदलले, तरी शेतात नेमकी कोणती जाती सोडली होती हे त्या पट्टीवरून पुन्हा ठरवता येते.