तळटीप : दोन टोकांची दोन घड्याळे

१४. ‘चित्र मधूनच उडी मारते’ : लेखकाने सगळा दोष कमकुवत सिग्नलवर टाकला आहे, तो आम्हाला पटत नाही. सिग्नल उत्तम असूनही हे घडते. एमपीईजी-२ या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत प्रक्षेपकाचे घड्याळ सेकंदाला २ कोटी ७० लाख ठोके देते आणि मानकानुसार त्यात दहा लाखांमागे ३० ठोक्यांची चूक चालते. फरक किरकोळ दिसतो. पण टीव्हीकडचे घड्याळ तेवढेच मागे पडले, तर सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रक्षेपणात सुमारे २२ मिनिटांनी एक अख्खी फ्रेम जादा साठते. शेवटी बफर, म्हणजे आलेले चित्र दाखवेपर्यंत साठवण्याची टीव्हीतली जागा, भरून वाहतो. घड्याळ पुढे धावले, तर बफर रिकामा पडून चित्र थबकते. म्हणून प्रक्षेपक जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांच्या अंतराने आपल्या घड्याळाचा आकडा प्रवाहात घालतो आणि टीव्ही त्याबरहुकूम वेग सुधारतो. वायरलेसमध्ये खरी गोची इथेच होते : हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवताना आकडा उशिरा पोहोचतो आणि वाटेतला तो उशीर घड्याळाची चूक समजला जातो. त्यामुळे नीट बनवलेले यंत्र एकट्यादुकट्या आकड्यावर विसंबत नाही. अनेक आकड्यांचा कल पाहून सावकाश वेग बदलते. – संपा.