ग्राहक, मालक आणि आपण



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात द्वारसभा घेण्यात आमचे आयुष्य गेले. पगार, बोनस, रजा यांवर आम्ही पुष्कळ बोललो. पण जो माणूस अखेर आपला माल विकत घेतो, त्याच्याविषयी बोलल्याचे आठवत नाही. ग्राहक ही मालकाची चिंता, असे आम्ही धरून चाललो. ती चूक होती, हे मुंबईच्या डबेवाल्यांच्या इतिहासाने आम्हांस शिकविले. आपल्यापैकी जे रोज लोकलने मुंबईस जातात, त्यांनी या मंडळींना पाहिलेच असेल.

१८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोहोचविण्याचे हे काम सुरू केले. मावळ, खेड, जुन्नर या बाजूची माणसे त्यात आली. बहुतेकांचे शिक्षण बेताचे. डब्याच्या झाकणावर अक्षरे, आकडे आणि रंग यांच्या खुणा असतात: कोणते स्टेशन, कोणती इमारत, कितवा मजला. डबा अनेक हातांतून जातो, जेवणाच्या सुट्टीपूर्वी पोहोचतो आणि रिकामा होऊन त्याच घरी परततो.

हे कसे साधले? डबेवाला कोणाचा चाकर नाही. तो आपल्या टोळीचा भागीदार आहे. खर्च वजा जाता मिळकत वाटून घेतली जाते. शिवाय ज्याच्या हातून डबा चुकतो, त्याच्याच टोळीला दुसऱ्या दिवशी त्या गृहिणीच्या दारात उभे राहावे लागते. कारखान्यात मात्र ग्राहकाची तक्रार कचेरीकचेरीतून खाली येते आणि कामगाराच्या हाती मेमो होऊन पडते. मूळ तक्रार काय होती, हे त्याला कळतच नाही.

१९५६ मध्ये या मंडळींनी आपला ट्रस्ट नोंदविला. १९ ऑगस्ट २०११ रोजी अण्णा हजारे यांच्या आंदोलनास पाठिंबा म्हणून त्यांनी एक दिवस काम बंद ठेवले. सुमारे १२० वर्षांतील हा त्यांचा पहिला बंद, असे तेव्हा वर्तमानपत्रांनी नोंदविले. संपाचे हत्यार आम्ही जन्मभर वापरले. परंतु ज्याने रोज शब्द पाळला, त्याच्या एका दिवसाच्या बंदला केवढे वजन येते, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

मात्र येथेच थांबून चालणार नाही. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या आणि डबेही थांबले. १३० वर्षांची सचोटी गाठीशी होती; पण निवृत्तिवेतन नव्हते, बेकारीभत्ता नव्हता. कित्येक जण गावी परतले. चोख सेवा ग्राहक मिळवून देते; वाईट दिवसांत चूल पेटती ठेवण्यास संघटना आणि कायदाच लागतो.

म्हणून आता द्वारसभेत आम्ही दोन मागण्या एकत्र मांडतो. कामगाराला सुरक्षितता द्या. आणि ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत आम्हांस वाचून दाखवा. आपला माल वापरणारा माणूसही बहुधा आपल्यासारखाच कोणीतरी पगारदार असतो. त्याला फसवून कोणताही कामगार मोठा झालेला नाही.