ताजमहालाचा तहखाना आणि यमुनेचे पाणी

आमच्या एका नातलगाचे जुने घर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे. घराला दगडी तळघर आहे, पण छत इतके खाली की उभे राहिले की डोके लागायचे. त्यांनी फरशी उखडून दीड-दोन फूट खाली खोदायचे ठरवले. म्हाताऱ्या गवंड्याने दखनीत सांगून पाहिले, "नीचे नक्को जाव भाई, पानी उधरीच बैठा है." कुणी ऐकले नाही. उन्हाळ्यात काम झाले, नवी फरशी बसली. पावसाळ्यात नदी भरली आणि फरशीच्या सांध्यांतून पाणी वर आले. दारातून एक थेंबही आला नव्हता. नदी चढली की काठच्या जमिनीतले पाणीही चढते, हे गवंड्याला ठाऊक होते. शिवाय खोदताना भिंतीचा पाया उघडा पडला होता. तिला तडा गेला तो वेगळाच.

त्याच आठवड्यात वर्गात एका मुलाने विचारले, "सर, ताजमहालाच्या खालच्या बंद २२ खोल्यांत काय लपवलंय?" प्रश्न त्याचा नव्हता, मोबाईलवरून आलेला होता. बाकीची मुले माझ्याकडे बघत होती. मला गवंडी आठवला.

या खोल्या उघडा म्हणून २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाकडे याचिका झाली. १२ मे रोजी न्यायालयाने ती फेटाळली. पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथल्या दुरुस्तीची छायाचित्रेही त्या वर्षी प्रसिद्ध केली. त्यांत दिसले काय? झडलेला चुना आणि नवा गिलावा.

मग खोल्या आहेत कशासाठी? मुमताज महल १७ जून १६३१ रोजी बुऱ्हाणपूरला वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला तात्पुरते दफन केले आणि वर्षअखेरीस आग्र्याला नेले. तिथे यमुनेकाठची जी जागा निवडली ती राजा मानसिंहांच्या घराण्याची होती. त्या बदल्यात राजा जयसिंहांना हवेल्या दिल्याचे २८ डिसेंबर १६३३ चे फर्मान उपलब्ध आहे. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीनेही जागेची हकीकत उघडपणे नोंदवली आहे. म्हणजे 'लपवलेला' म्हणून जो इतिहास सांगितला जातो, तो 'बादशाहनाम्या'तच आहे.

खरी अडचण जागेच्या मालकीची नव्हती, पाण्याची होती. नदीकाठची रेताड माती आणि तिच्यावर संगमरवराचा डोंगर! लाहोरी लिहितो की पाणी लागेपर्यंत खोदले आणि तिथून दगड-चुन्याचा पाया वर आणला. नदीच्या बाजूला विहिरी उतरवून त्या भरल्या. विहीर उतरवणे म्हणजे वर गोल बांधकाम रचायचे आणि आतून माती उपसत जायचे. बांधकाम स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. खालच्या घट्ट थरापर्यंत गेले की आतला पोकळ भाग भरून टाकायचा.

त्या पायावर उंच चबुतरा उभारला आणि खोल्या त्या चबुतऱ्याच्या पोटात, नदीच्या बाजूला ओळीने काढल्या. आपण तहखाना म्हणतो खरे, पण तो जमिनीत खाली खोदून केलेला नाही, जमीन वर उचलून केलेला आहे. एब्बा कोख या अभ्यासिकेने दाखवले आहे की त्याच्या कमानी पूर्वी नदीकडे उघड्या होत्या. म्हणजे ही उन्हाळ्यात पाण्यावरचा वारा घेत बसायची गार जागा होती. कमानी नंतर बंद झाल्या, आणि बंद दारामागे काय असेल याच्या गोष्टी सुरू झाल्या.

इमारत निर्दोष होती असेही नाही. डिसेंबर १६५२ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर निघालेला औरंगजेब वाटेत आग्र्याला थांबला. तिथून त्याने वडिलांना कळवले की पावसाळ्यात घुमट उत्तरेकडून गळतो आणि समोरची महताब बाग पुराने बुडाली होती. शहजाद्याचे ते पत्र घरमालकाच्या तक्रारीसारखेच वाचावे. १९७८ च्या पुरात यमुना या खोल्यांत शिरली, गाळ ठेवून गेली. २०२३ मध्ये ती पुन्हा भिंतीपर्यंत आली. इमारत उभी आहे.

हे सगळे मी फळ्यावर आकृती काढून सांगितले. नदी, पाण्याची पातळी, विहिरी, चबुतरा, खोल्या. तो मुलगा शेवटी म्हणाला, "म्हणजे सर, ज्यांनी बांधलं त्यांना पाण्याची भीती होती." मी म्हटलं, "भीती नाही बेटा, ओळख होती." शंका घेणाऱ्या मुलावर मी रागावलो नाही. त्याला प्रश्न कुणी दिला याचे वाईट वाटते, पण प्रश्न आला तर उत्तर देणे आपले काम आहे. आपणच "हा द्वेष आहे" एवढे म्हणून थांबलो, तर ती २२ दारे त्याच्या मनात बंदच राहतील.

नातलगांनी आता तळघरात पुन्हा भर टाकायचे ठरवले आहे. काम त्याच गवंड्याकडे दिले आहे.