पांढरीच्या पोटातील नाणी

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावाच्या जमिनीचे दोन भाग पूर्वापार मानले गेले आहेत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शतकानुशतके घरे बांधली गेली, पडली, आणि त्यांच्याच मातीवर पुन्हा घरे उभी राहिली. चुलींची राख, खापरांचे तुकडे, गोठ्यातील शेण आणि माणसांनी हरवलेल्या वा हेतुपुरस्सर लपवलेल्या चीजवस्तू यांचे थर एकावर एक साचत गेले. आणि या संचयातून जे उंचवटे निर्माण झाले, तेच आज गावाच्या कडेला ओसाड टेकाडांच्या किंवा ढासळलेल्या गढ्यांच्या रूपाने आपल्या दृष्टीस पडतात. नांदेडहून वारंगा फाट्याकडे जाताना लागणारे अर्धापूर हे याच जातीचे पुरातन गाव होय. आज त्याची ख्याती केळीच्या बागांमुळे आहे. परंतु तेथील केशवराजाची रेखीव विष्णुमूर्ती आणि राष्ट्रकूट कुळ सांगणाऱ्या मांडलिकांचा शिलालेख पाहणाऱ्यास हे स्थान एके काळी सत्तेचे आणि संपत्तीचे होते, याविषयी शंका उरत नाही.

जेथे सत्ता आणि व्यापार नांदले, तेथील मातीत नाणी असतातच, आणि ती शोधण्याचा आपल्याकडे एक ठरावीक काळ असे. रब्बीची रास घरी आली, शेते मोकळी झाली, की फाल्गुन-चैत्रात नांगरट सुरू होई. त्याच सुमारास गोदावरीचे पात्र आटून वाळूचे पट्टे उघडे पडत. शेतीचे वर्ष सरत आलेले असताना हा शोध खऱ्या अर्थाने रंगात येई, आणि त्याचा कळस होई तो मृगाच्या पहिल्या सरींनी. त्या सरींनी ढेकळावरची धूळ धुऊन निघाली म्हणजे उन्हाळाभर मातीच्या रंगात मिसळून गेलेले तांब्याचे हिरवट वर्तुळ किंवा मण्याचा लाल ठिपका एकदम डोळ्यांत भरे. पैठण, तेर, भोकरदन येथील पांढरीवर पावसाची उघडीप होताच मुले आणि गुराखी खाली मान घालून फिरत असत, ते याच कारणाने.

अर्धापूरच्या परिसरातून कोणकोणत्या काळचा पैसा वाहिला असेल, हे जाणण्यासाठी या मुलखाची जागा ध्यानात घेतली पाहिजे. दक्षिणेस गोदावरी, उत्तरेस पैनगंगा, आणि त्या दोहोंमधून वऱ्हाडात उतरणारी वाट. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात ज्या नांदीकट प्रदेशाचा उल्लेख आहे, तो नांदेडचाच प्रदेश होय, असे विद्वानांचे मत आहे. म्हणजे वत्सगुल्म (आजचे वाशीम) आणि नांदेड यांचा राजकीय संबंध दीड हजार वर्षांहूनही जुना ठरतो. त्याच्याही आधी सातवाहनांच्या अमदानीत दख्खनचा माल घाटवाटांनी भडोचच्या बंदराकडे जात असे, आणि ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तगर, म्हणजे आजचे तेर, यांची नावे व्यापारी पेठा म्हणून नोंदली गेली आहेत. त्या काळचे नाणे सोंड उंचावलेल्या हत्तीचे, शिशाचे किंवा पोटीन नामक मिश्रधातूचे, ओबडधोबड आणि सामान्य जनांच्या रोजच्या देवघेवीचे असे. पुढे देवगिरीच्या यादवांनी सोन्याचे पद्मटंक पाडले. त्यांची घडण विलक्षण आहे: वाटीसारख्या खोलगट पत्र्याच्या मध्यभागी कमळ, आणि त्याच्याभोवती राजाचे नाव व इतर चिन्हे, प्रत्येक निराळ्या ठशाने स्वतंत्रपणे ठोकलेली. एकच सोन्याचा तुकडा सोनाराच्या हाताखालून अनेक वेळा गेल्याशिवाय पुरा होत नसे, आणि म्हणूनच कोणतेही दोन पद्मटंक अगदी तंतोतंत सारखे आढळत नाहीत.

बहमनी सुलतानांचे टंक आणि जाड तांब्याचे फुलूस, शाहजहानच्या काळी नांदेड हे तेलंगण सुभ्याचे ठाणे झाल्यावर आलेले मोगली रुपये, १७०८ साली बहादुरशहाच्या लष्कराबरोबर गोदावरीच्या तीरावर उतरलेल्या अफाट छावणीचा खर्च, आणि त्यानंतर मराठी अंमलाच्या चौथाई-सरदेशमुखीच्या वसुलीमागून फिरणारी शिवराई, एवढे सारे चलन या प्रदेशाच्या हातांतून गेले. गुरू गोविंदसिंहांचे देहावसान त्याच वर्षी नांदेडास झाले आणि तेव्हापासून यात्रेकरूंचा ओघ या गोदातीराकडे वळला, हीदेखील नाण्यांच्या इतिहासातील एक घटना मानली पाहिजे. कारण यात्रेकरू आपल्या मुलखाचे नाणे कनवटीला लावून येतो आणि नदी ओलांडताना त्यातले एखादे भक्तिभावाने प्रवाहात अर्पण करतो.

तथापि अर्धापूरच्या रयतेच्या हाती सर्वांत दीर्घ काळ खेळले ते निजामाचे नाणे. १८५७च्या उठावापर्यंत हैदराबादच्या टांकसाळीत दिल्लीच्या बादशहाच्या नावानेच रुपये पडत. बादशाही संपुष्टात आल्यावर त्यावर आसफजाहाचे, म्हणजे निजामाचे, नाव आले, आणि त्या नावाच्या वर ९२ हा आकडा कोरला जाऊ लागला, जो अक्षरगणितानुसार पैगंबरांच्या नावाचा निदर्शक आहे. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे निजामाच्या दिवाणपदी होते. त्यांनी खासगी टांकसाळींना आवर घालून राजधानीच्या एकाच टांकसाळीतून नाणे पाडण्याची व्यवस्था लावली. हाच तो हाली सिक्का. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्राने पाडलेल्या रुपयावर चारमिनार आला. त्याच्या मधल्या कमानीत एक लहानसे अक्षर असते: महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत ‘मीम’, आणि १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत ‘ऐन’. सन झिजून गेलेला असला तरी भिंग लावून ती कमान पाहिली की नाणे कोणत्या निजामाचे, याचा निवाडा क्षणात होतो. इंग्रज सरकारच्या कलदार रुपयाहून हाली रुपया हलका. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा हिशोब हुशार कुणब्याला तोंडपाठ असे. कारण वऱ्हाडच्या बाजारात कापूस विकून कलदार आणायचे आणि तहसिलीत सारा हालीत भरायचा, हा त्याचा नित्याचा व्यवहार होता. हैदराबाद संस्थानावरील पोलिस कारवाईनंतर १९५०पासून भारतीय रुपया बरोबरीने चालू लागला आणि १९५९ साली हाली सिक्का कायमचा बंद झाला. आजही जुन्या वाड्याची भिंत पाडताना गाडग्यात जे नाणे निघते, ते बहुधा हेच असते.

हे धन जमिनीत गेले कसे, याचे उत्तर या मुलखाच्या दुःखातच आहे. ज्या समाजाला पेढी परवडत नव्हती आणि पेढीवर ज्याचा भरवसाही नव्हता, त्याची तिजोरी म्हणजे चुलीमागची जमीन, गोठ्यातील गव्हाणीखालची माती, किंवा भिंतीतला कोनाडा. पेंढाऱ्यांच्या धाडी, रोहिले आणि अरब यांची कर्जवसुली, दुष्काळात गाव सोडून परागंदा होण्याची वेळ, आणि शेवटी १९४७-४८ सालच्या रझाकारांचा जुलूम, अशा प्रत्येक संकटी घरातील कर्त्या माणसाने मडक्यात रुपये भरून त्यावर माती ओढली. तो परतला तर मडके निघाले. न परतला तर ते पुढच्या पिढ्यांसाठी राहून गेले. आपण ज्याला गुप्तधन म्हणतो, ते पुष्कळदा एखाद्या कुटुंबाच्या न पुऱ्या झालेल्या परतीची साक्ष असते.

या विखुरलेल्या धातूवर पोट भरणारा एक कसबी वर्गही आपल्या समाजात होता. त्यास झारेकरी म्हणत. सराफकट्ट्यावरील दुकानांची झाडलोट विकत घ्यावी, ती धुऊन तिच्यातले सोन्या-चांदीचे कण वेगळे काढावेत, आणि नदीचे पाणी ओसरले की घाटांखालची वाळू उपसून चाळावी, हा त्यांचा व्यवसाय. उथळ लाकडी पात्रात चिखल घेऊन ते पाण्यात अशा लयीने हेलकावत की हलकी माती काठावरून वाहून जाई आणि जड ते तळाशी उरे. ऐन उन्हात, कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दिवसभर हे काम चालायचे. यात्रेकरूंनी टाकलेली नाणी, स्नानाच्या वेळी गळून पडलेली अंगठी, आणि पुराने पांढरीचा कडा कोसळवून आणलेली सातवाहनकालीन नाणी, हे सारे त्यांच्या हाती लागे. गोदेच्या काठच्या पैठण-नेवाशासारख्या स्थळांची कितीतरी प्राचीन नाणी अभ्यासकांपर्यंत पोहोचली, ती या श्रमजीवी माणसांमुळे. त्यांनी इतिहासाची जी सेवा केली, तिची कृतज्ञ नोंद आपल्या ग्रंथांतून फारशी झालेली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

पण झारेकऱ्याच्या पात्रातून किंवा कुणब्याच्या नांगराच्या फाळाखालून निघालेले नाणे पुढे कोठे जाते, या प्रश्नावरच त्याचे सारे भवितव्य अवलंबून असते. ते सोनाराच्या मुशीत गेले, तर तोळ्यामाशाच्या भावाने विकले जाऊन नाहीसे होते. चिंच लावून, राखेने घासून लख्ख केले, तर शतकांनी चढवलेला पापुद्रा आणि त्याखालची अक्षरे दोन्ही निघून जातात. आणि ते जसेच्या तसे राहिले तरी कोणत्या शेतात, किती खोल, कशाच्या शेजारी सापडले, हे कोणी टिपून ठेवले नाही, तर त्याची अर्धी जबानी बंद होते. याउलट ठावठिकाण्यासह जतन झालेले धन केवढा इतिहास सांगू शकते, याची दोन उदाहरणे महाराष्ट्राजवळ आहेत. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा मिळाला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीच्या लेखात पुत्राच्या पराक्रमाचे जे वर्णन आहे, त्यास या नाण्यांनी पुरावा दिला: जेत्याने पराभूताच्या खजिन्यावर अक्षरशः आपली खूण उमटवली होती. सुटी सुटी विकली गेली असती, तर त्या नाण्यांना हे सांगता आले नसते. दुसरे उदाहरण तर नांदेडच्या शेजारचे, पैनगंगेपलीकडचे. आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे १९३९ साली सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांचा साठा निघाला, आणि महामहोपाध्याय मिराशी यांनी त्याचे वाचन केले, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत नसलेली राजनामे प्रथमच उजेडात आली. पुराणकारांना विसर पडला होता. तऱ्हाळ्याच्या मातीने ती नावे राखली होती.

अशा धनाचा कायदा जुनाच आहे. १८७८चा निखात निधी अधिनियम आजही अंमलात असून, जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास त्याची जागा, स्वरूप आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावी, असे तो सांगतो. चौकशीअंती धन बेवारस ठरले, तर शोधणाऱ्यास तीन हिस्से आणि जमीनमालकास एक हिस्सा देण्याची तजवीज त्यात आहे. सरकारने ते ठेवून घ्यायचे म्हटले, तर धातूच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा चढवून मोबदला द्यावा लागतो. आणि खबर दडवणाऱ्यास शिक्षा. कायदा वस्तुतः अन्यायी नाही. परंतु पंचनामा, चावडी आणि कचेरी यांचे भय रयतेच्या मनात इतके खोल रुजलेले आहे की मडके सापडताच ते लपवावे, हीच पहिली बुद्धी होते.

या भयावर विश्वासाने मात करणारा एक पुरुष मराठवाड्यात होऊन गेला. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी आपल्या गावच्या पांढरीवर सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती आणि शंखाच्या बांगड्या आयुष्यभर जमवल्या, आणि त्या संग्रहातून आज वीस हजारांहून अधिक वस्तूंचे शासकीय संग्रहालय तेरला उभे आहे. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांच्यासारख्या विद्वानास १९६० साली तेरवर व्याख्यान द्यावेसे वाटले, त्याचे श्रेय या एका ग्रामस्थाच्या निष्ठेकडेही जाते. पैठणला बाळासाहेब पाटील यांनी असेच कार्य केले. वस्तू गावातच राहिल्या, कोठल्या ते ठाऊक राहिले, म्हणूनच त्यांना अर्थ उरला.

आज पांढरीवर नवे संकट आले आहे. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आल्यापासून अर्धापूरची जमीन वर्षभर उलथीपालथी होते. केळीच्या लागवडीसाठी खोल नांगरट होते, गढ्यांची कसदार माती ट्रॅक्टरने शेतात जाते, आणि तिच्याबरोबर तिच्या पोटातली नाणीही आपला थर सोडून जातात. शिवाय धातू हुडकणारी यंत्रे आता कोणालाही विकत मिळतात. किल्ल्याच्या आवारात, जुन्या बागेत, संरक्षित स्मारकापाशी रात्री-अपरात्री यंत्र फिरवून खड्डे घेणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याहून मोठी हानी ही की पाच मिनिटांत घेतलेला खड्डा पाचशे वर्षांचा थर कायमचा मोडून टाकतो. इंग्लंडात हीच यंत्रे हाती घेऊन शेते धुंडाळणाऱ्या हौशी लोकांसाठी १९९७पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सार्वजनिक व्यवस्था चालू आहे, आणि तिच्यात दहा लाखांहून अधिक वस्तू त्यांच्या जागेसह टिपल्या गेल्या आहेत. यंत्र तेच; फरक पडतो तो नोंदीने.

आपल्याला एवढी मोठी यंत्रणा उभी राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. अर्धापूरच्या प्रत्येक शाळेत एक जाडजूड वही ठेवावी. नांगरटीत, पाया खणताना, विहिरीच्या गाळात जे सापडेल त्याची तारीख, गट क्रमांक, खोली आणि सोबत निघालेल्या खापर-विटांचे वर्णन तीत लिहावे. वस्तू न घासता कोरड्या कागदात गुंडाळावी आणि तहसीलदारामार्फत जिल्हाधिकाऱ्यास व नांदेडच्या अभ्यासकांस कळवावे. मास्तरांनी हे काम मुलांकडून करवून घेतले, तर पुढच्या पिढीला सातवाहनांपासून निजामापर्यंतची परंपरा पाठ्यपुस्तकाआधी स्वतःच्या शिवारात भेटेल. झारेकऱ्यांनी पोटासाठी जे जपले आणि लामतुऱ्यांनी निष्ठेने जे जमवले, ते ज्ञान म्हणून पुढे न्यायचे असेल, तर गावानेच आपल्या पांढरीचा दफ्तरदार व्हावे. ही जबाबदारी त्याच्याइतक्या अधिकाराने दुसरे कोणीही पार पाडू शकणार नाही.