जीप आणि तिची इंजिने

मंडळी, जीपगाडी पाहिली नाही असा माणूस आपल्या खेड्यापाड्यांत सापडणे कठीण. एके काळी गावात जीप शिरली की पोरे तिच्यामागे धावत आणि मोठी माणसे टोपी सावरत पुढे येत. कारण आत गटविकास अधिकारी तरी असायचे, नाहीतर फौजदार तरी. पुढे तीच जीप कुठे वडाप झाली, कुठे काळी-पिवळी झाली आणि बाजाराच्या दिवशी डझनावारी माणसे वाहू लागली. तिच्यात कोण बसले हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज आपण जरा बॉनेट उघडून पाहू. तिच्या पोटात कोणकोणती इंजिने बसली, ती का बदलली आणि बदलताना काय काय सांभाळावे लागले, ह्याचा हा इतिहास. विषय मिस्त्री लोकांचा वाटेल, पण युद्ध, तेलाचा भाव आणि खेड्यातल्या कारागिराची अक्कल ह्या तिन्ही गोष्टी त्यात आहेत.

सुरुवात १९४० सालची. युरोपात युद्ध पेटले होते आणि अमेरिकेच्या सैन्याला चारही चाकांना जोर मिळेल अशी हलकी, चपळ गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने सात आठवड्यांत नमुना बनवला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. मागोमाग विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड ह्यांचेही नमुने आले. विलिसचे इंजिन ६० अश्वशक्तीचे, तिघांत सर्वांत जोरदार. पण गाडी वजनाला भारी झाली. सैन्याने मर्यादा घातली होती २१६० पौंडांची, म्हणजे सुमारे ९८० किलोची.

आता करायचे काय? विलिसचे मुख्य इंजिनियर डेल्मार रूस ह्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. इंजिन लहान घ्यावे, नाहीतर उरलेली गाडी हलकी करावी. रूस ह्यांनी दुसरी वाट धरली. गाडी सुटी करून भाग तोलले, लांब बोल्ट आखूड केले, रंगाचे थरसुद्धा कमी केले. इंजिनाला मात्र हात लावला नाही. युद्ध संपेपर्यंत विलिस आणि फोर्ड ह्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या काढल्या त्या ह्याच इंजिनावर. इंजिन एकदा ठरले की बाकीच्या साऱ्या गाडीला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते, हे जीपच्या जन्मातच दिसून आले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या पुष्कळ जीपगाड्या हिंदुस्थानातच राहिल्या आणि लिलावात निघाल्या. महिंद्रा बंधूंनी १९४५ साली मलिक गुलाम मोहम्मद ह्यांच्या भागीदारीत एक कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे झाले. ह्या कंपनीने मुंबईत माझगावला विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडायला आरंभ केला. १९५२ च्या गांधीजयंतीला समाजविकास योजना सुरू झाली. विकासाच्या कामाला जीप लागली, आणि जिथे बैलगाडीच काय ती जात असे तिथपर्यंत ती पोचली.

१९५३ साली विलिसने जीपचे इंजिन सुधारले. जुन्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असत. नव्या इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर, हेडमध्ये नेला. सिलिंडरचा व्यास तोच, पिस्टनची चाल तीच, तरी शक्ती सत्तरच्या वर गेली. पण इंजिन उंच झाले आणि जुन्या बॉनेटखाली मावेना! तेव्हा कारखान्याने बॉनेटच वर उचलले. आपल्याकडची जुनी जीप उंच नाकाची का दिसते, ह्याचे उत्तर इथे आहे. अमेरिकेत हा नमुना १९६८ साली बंद झाला. आपल्याकडे मात्र तेच उंच नाक त्यानंतरही कित्येक वर्षे रस्त्यावर येत राहिले.

मग आले १९७३ साल. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झाले आणि थोड्याच महिन्यांत जगात खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पेट्रोलवर चालणारी जीप दाराशी ठेवणे हत्ती पोसण्यासारखे झाले. गाडी धडधाकट, पण टाकी भरायला पैसा नाही. त्याच वेळी शेतात डिझेल इंजिन येऊन बसलेले होते. १९६३ साली महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्या अमेरिकन कंपनीशी भागीदारी करून ट्रॅक्टर बनवण्याची कंपनी काढली होती. सत्तरीच्या दशकात त्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपला बसू लागले. पुढे १९७९ साली फ्रान्सच्या पेजो कंपनीशी परवान्याचा करार झाला आणि तिचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आपल्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला तयार होऊ लागले.

कारखान्याने जे केले तेच तालुक्याच्या गावी झाडाखालच्या गॅरेजात सुरू झाले. पेट्रोल इंजिन चेनपुलीने उतरवायचे आणि डिझेल चढवायचे. बोलायला दोन शब्द, पण त्यात काय काय येते पाहा.

पहिली अडचण जोडणीची. नव्या इंजिनाची भोके जुन्या गिअरबॉक्सच्या भोकांशी जुळत नाहीत. मग लेथवर जाड लोखंडी प्लेट कातून मध्ये बसवायची. इंजिनाचा क्रँक आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत. केसाएवढा फरक राहिला तरी क्लच आणि बेअरिंग टिकत नाही. दुसरी अडचण वजनाची. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसतात आणि स्टिअरिंग जड होते. तिसरी विजेची. युद्धकाळातली जीप सहा व्होल्टवर चाले. डिझेलमध्ये हवा वीसपटीच्या आसपास दाबावी लागते. तेवढ्या दाबाविरुद्ध इंजिन फिरवायला बारा व्होल्टची बॅटरी आणि जोरकस स्टार्टर लागतो.

चौथी अडचण वेगाची, आणि तिचे गणित गुरुजींनी वर्गात जरूर घालावे. उंच नाकाच्या जीपच्या अॅक्सलचे प्रमाण ५.३८ होते, म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ५.३८ फेरे झाले की चाकाचा एक फेरा. एका फेऱ्यात गाडी सुमारे २.२ मीटर जाते. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेते, तेव्हा वेग येतो ताशी ९८ किलोमीटर. ट्रॅक्टरच्या जातीचे सावकाश इंजिन २००० फेऱ्यांवर चालवले, तर ४९. म्हणून लोक म्हणत, गाडी ओढते लय, पण पळत नाय! उपाय म्हणजे क्राउन-पिनियन बदलायचे. प्रमाण चारवर आणले की त्याच २००० फेऱ्यांत वेग ६६ होतो.

इथेच अर्धवट जाणकार फसतो. तो फक्त मागच्या अॅक्सलचे क्राउन-पिनियन बदलतो. साध्या मोटारीला ते चालेल. जीपला पुढेही अॅक्सल आहे, आणि चारही चाकांचा जोर लावला की ट्रान्स्फर केस पुढचा नि मागचा शाफ्ट एकाच गतीने फिरवते. दोन्हीकडचे प्रमाण वेगळे असेल तर पुढची चाके एक अंतर मागतात, मागची दुसरे. चिखलात टायर घसरून ते निभावून नेतात. डांबरी रस्त्यावर घसरायला जागा नसते, मग दाते तुटतात. एका जोखडाला खिलारी आणि रेडा जुंपल्यासारखेच ते.

ह्या कारागिरीने खेड्याचा मोठा फायदा झाला ह्यात शंका नाही. दूध, भाजीपाला, बाळंतीण, परीक्षेला निघालेली मुले, सारे ह्या डिझेल जीपने वाहिले. पण किंमतही मोजावी लागली. इंजिन नवे आणि ब्रेक जुनेच, त्यात घाटाचा उतार आणि दुप्पट माणसे. असे झाले की अपघाताला निमंत्रणच. म्हणून कायद्याने हात घातला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही मूळ नमुन्याला सोडून केलेल्या बदलांना मनाई केली. इंजिन बदलायचे तर आधी आर.टी.ओ.ची परवानगी आणि मग आर.सी. बुकात नोंद, हाच मार्ग. तो कंटाळवाणा आहे खरा. पण त्या नोंदीमागे गाडीत बसणाऱ्याचा जीव आहे.

आता शेवटचा मुद्दा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ असा मान दिला. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी, इंजिन ह्यांत मोठा फेरफार नको. नियम करणाऱ्यांची दृष्टी समजण्यासारखी आहे. तरी विचार करा, मूळ इंजिनासह जपलेली जीप आपल्याला १९५३ साल दाखवते. आणि इंजिन बदललेली जीप? ती १९५३ दाखवते, १९७३ चा तेलाचा भाव दाखवते, ट्रॅक्टरचे आगमन दाखवते आणि एखाद्या अनामिक मिस्त्रीने कातलेली प्लेटही दाखवते. इतिहासाच्या दृष्टीने ती गाडी कमअस्सल नव्हे. तिच्यावर अधिक मजकूर लिहिलेला आहे.

हा मजकूर आता झपाट्याने पुसला जात आहे. जुन्या जीपगाड्या भंगारात निघाल्या, आणि ज्यांनी इंजिने उतरवली-चढवली ते हात म्हातारे झाले. त्यांच्या कामाची नोंद कुठल्याही वहीत नाही. शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या गावात असा एखादा मिस्त्री असेल, तर एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन त्याच्याकडे जा. कोणते इंजिन कोणत्या गाडीत बसवले, काय जुळले नाही, कोणती युक्ती केली, हे त्याच्या तोंडून लिहून घ्या. किल्ल्यांचा आणि राजांचा इतिहास आपण शिकवतो, तो शिकवलाच पाहिजे. त्याच वहीच्या मागच्या चार पानांवर तुमच्या तालुक्याच्या ह्या इतिहासालाही जागा द्या.