जुन्या लाकडी फर्निचरचे घरगुती नूतनीकरण
वापराने झिजलेले, बहुधा जुन्या बाजारातून घेतलेले लाकडी सामान घरीच सांधून व पॉलिश करून पुन्हा वापरात आणण्याचे काम.

यातील लाखेच्या पॉलिशची पद्धत (पहा : लाख) यूरोपात १९व्या शतकाच्या आरंभी रूढ झाली, भारतात ती ‘फ्रेंच पॉलिश’ म्हणून ओळखली जाते. मुंबईच्या चोर बाजारात जुने सागवानी व शिसवी सामान मिळते (पहा : साग).

आधी जुना थर ओळखतात. आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा फिरवल्यास लाख चिकट होते, पॉलियुरेथेन होत नाही. ही चाचणी टाळली, तर पुढची मेहनत बहुधा वाया जाते. सरसाने जोडलेले ढिले सांधे ओलसर उष्णतेने सुटतात (पहा : सुतारकाम). मग लाकडाच्या रेषांच्या दिशेने पॉलिशपेपर, खळग्यांत लांबी (पुट्टी), आणि स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचे (पापुद्र्यांच्या रूपातील लाखेचे) पातळ हात कापडी बोळ्याने देतात. पावसाळी दमट हवेत थर पांढुरका पडतो.

नवी लाख जुन्या लाखेच्या थरात मिसळत असल्याने सगळे खरवडावे लागत नाही. गरम भांड्याचा डाग मात्र पडतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासत नाहीत. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या पसरून वाळवतात.