नालंदेचे मोठेपण कशाने मोजावे?

नालंदेचा विषय निघाला की १०,००० विद्यार्थ्यांचा आकडा हटकून सांगितला जातो. हा आकडा ह्युएन त्संगचा शिष्य हुइ-ली याने लिहिलेल्या गुरुचरित्रातला. सुमारे चार दशकांनंतर नालंदेत आलेला आणि जवळजवळ १० वर्षे तेथे राहिलेला इत्सिंग मात्र ३,००० हून अधिक भिक्षू असल्याचे नोंदवतो. उत्खननात आजवर ११ विहार उजेडात आले आहेत. बराच भाग अद्याप जमिनीखाली आहे हे धरूनही मला इत्सिंगचा आकडा अधिक पटतो.

मग नालंदेचे मोठेपण कमी होते काय? त्यासाठी तेथे काय शिकवत ते पाहावे. महायान ग्रंथ आणि बौद्धांच्या १८ निकायांचे वाङ्मय तर होतेच. शिवाय हेतुविद्या, शब्दविद्या, चिकित्साविद्या, सांख्य आणि वेदसुद्धा होते. वेदप्रामाण्य न मानणाऱ्या विहारात वेदांचे अध्ययन चाले, कारण पूर्वपक्ष नीट समजल्याशिवाय त्याचे खंडन करता येत नाही. वादासाठी येणाऱ्यांना द्वारपाल अवघड प्रश्न विचारी आणि १० पैकी ७-८ जण परत फिरत, असे ह्युएन त्संग सांगतो. पाणिनीची सूत्रे आणि काशिकावृत्ती शिकून झाल्यावर विद्यार्थी नालंदेत किंवा वलभीत दोन-तीन वर्षे घालवत, ही इत्सिंगची नोंद महत्त्वाची आहे. नालंदेला विद्यापीठ म्हणायचे ते या आधारावर.

हा व्याप गावांच्या उत्पन्नावर चाले. सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाच्या विनंतीवरून पालराजा देवपालाने ५ गावे दान दिली. त्या ताम्रपटात भिक्षूंचे अन्नवस्त्र, आजाऱ्यांची औषधे आणि ग्रंथांचे लेखन हे खर्च स्पष्ट सांगितले आहेत. पोथ्यांच्या नकलांसाठीही तरतूद होती, हे विशेष.

पुढे राजाश्रय गेला, आक्रमणे झाली. १२३५ च्या सुमारास धर्मस्वामी हा तिबेटी भिक्षू नालंदेत आला, तेव्हा नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र ७० विद्यार्थ्यांना शिकवत होते. सैनिक येत असल्याची वार्ता आली आणि विद्यार्थी पांगले. धर्मस्वामी गुरूंना पाठीवर घेऊन सुरक्षित जागी गेला.

आकड्यांनीच मोजायचे तर त्या ७० जणांना इतिहासात जागा उरत नाही. पण विहार उजाड झाल्यावरही पाठ चालू ठेवणारा तो गुरू आणि त्याला पाठीवर घेणारा तो शिष्य हीसुद्धा नालंदाच होती.